गळू पिकत नाही तेव्हा

पू ही काही चारचौघांत कौतुकानं बोलायची गोष्ट नव्हे. तरी जुन्या घरात एखाद्या पोराच्या मांडीवर गळू आलं की आजीचं सगळं लक्ष तेवढ्याकडेच: पिकलं का? अळशीचं गरम पोटीस बांधायचं, भोवतीची लाली न्याहाळायची, मधोमध पिवळं तोंड दिसलं की म्हणायचं, आता फुटेल. फुटलं की ठणका थांबे, ताप उतरे, पोरगं खेळायला पळे. आजी ज्याची दोन-तीन दिवस वाट बघत बसे तो पू म्हणजे मुख्यतः जंतू गिळून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा साका.

केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचं गळू पिकत नाही. औषधानं कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही झोडपलेल्या असतात, आणि पिकवायला लागणारा ऐवजच रक्तात उरत नाही. घशात जंतू असतात, पण घसा फारसा लाल दिसत नाही. न्यूमोनिया असतो, पण एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. १९७५ साली बाल्टिमोरच्या सिकल्स, ग्रीन आणि वेर्निक या तिघांनी अशा रुग्णांची लक्षणं पांढऱ्या पेशी पुरेशा असलेल्या रुग्णांशी ताडून पाहिली. पू कमी, सूज कमी, खोकल्यातून पडणारा बेडकाही कमी. बहुतेक वेळा शाबूत राहिलेली खूण एकच होती: ताप.

म्हणून या मुलांच्या तापाला स्वतःचा वेगळा इतिहास आहे. एरवी ताप आला की डॉक्टर कारण शोधतात, आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, दोन दिवस बघू या. आयुर्वेदानंही ज्वराच्या सुरुवातीला लंघन सांगितलं, म्हणजे एका परीनं धीर धरायलाच सांगितलं. कर्करोगाच्या वॉर्डात हे शहाणपण उलटं करावं लागलं. कारण कळायच्या आत औषध द्यायचं, असा नियम आला. तो यायला शतकाचा पाव भाग गेला. आणि मग, आता कुठे हात आखडता घ्यायचा, हे शिकण्यात त्याहून जास्त काळ गेला.

पांढऱ्या पेशींचं हे काम प्रथम लक्षात आलं तेही एका काट्यामुळे. १८८२ च्या डिसेंबरात सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरात एकटाच होता. बाकीची मंडळी सर्कशीला गेली होती. तारामाशाच्या पारदर्शक अळीत बागेतल्या गुलाबाचा काटा टोचून ठेवला तर काय होईल, असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिक रक्ताचे थेंब काचेवर पसरून त्यांना नाना रंग देत होता. आम्ल रंग घेणाऱ्या पेशी निराळ्या, अल्कली रंग घेणाऱ्या निराळ्या, आणि उदासीन मिश्रणाचा रंग घेणाऱ्या त्या 'न्यूट्रोफिल'. गळू पिकवतात त्या याच. १९०८ चं नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळालं.

या पेशी नसल्या तर काय होतं, हे मात्र कर्करोगानं शिकवलं नाही. शिकवलं ते तापाच्या गोळीनं.

१९२२ साली बर्लिनच्या वेर्नर शुल्ट्झनं एक विचित्र आजार नोंदवला. रुग्ण बहुतेक मध्यमवयीन बायका. अचानक कडक ताप, घशात काळपट व्रण आणि काही दिवसांत मृत्यू. रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीत. 'ॲग्रॅन्युलोसायटोसिस' असं लांबलचक नाव त्या आजाराला मिळालं, कारण काही सापडेना. १९३४ साली अमेरिकेत मॅडिसन आणि स्क्वायर यांनी बोट ठेवलं ते अमिडोपायरिनवर. हे औषध तेव्हा ताप आणि अंगदुखीवर सर्रास खाल्लं जाई. म्हणजे ताप उतरवायला घेतलेली गोळी काही जणांच्या पांढऱ्या पेशी पुसून टाकत होती, त्यातून आणखी ताप येत होता आणि त्यावर पुन्हा तीच गोळी दिली जात होती. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माहीत असलेलं ॲनाल्जिन याच कुळातलं; २०१३ साली भारत सरकारनं त्यावर काही महिने बंदी घातली होती ती उगीच नव्हे.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध येईपर्यंत पांढऱ्या पेशी नसल्या तर काय, या प्रश्नाला तसा अर्थ नव्हता, कारण मूल आठवड्यांत जाई. १९४८ च्या जूनमध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बरनं अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांचा वृत्तांत छापला; त्यांतल्या १० मुलांत सुधारणा दिसली होती, काही काळापुरती का होईना. हे औषध आलं होतं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. याच सुब्बारावांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेनं त्याच वर्षी ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं प्रतिजैविक जगापुढे ठेवलं. एका छपराखालून दोन औषधं निघाली: एक पांढऱ्या पेशी पाडणारं आणि दुसरं, त्या पडल्यावर जंतूंना आवरणारं. या दोहोंची गाठ एकाच मुलाच्या शरीरात पुढची सत्तर-ऐंशी वर्षं पडत राहणार, हे पाहायला सुब्बाराव राहिले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले.

पुढचा मोठा भाग घडला वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९५३ मध्ये तिथे मोठं संशोधन रुग्णालय उघडलं, आणि १९५५ साली एमिल फ्राय आणि एमिल फ्रायरिक असे दोन तरुण डॉक्टर तिथल्या ल्युकेमियाच्या वॉर्डात रुजू झाले. नावं इतकी सारखी की चेष्टेला ऊत आला असणार. वॉर्डात मात्र चेष्टेसारखं काही नव्हतं. मुलांच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त वाहत असे. उशा, चादरी, परिचारिकांचे पांढरे गणवेश लाल होत. फ्रायरिकनं प्लेटलेट भरायला सुरुवात केली आणि रक्तस्राव आटोक्यात आला. मग दुसरा शत्रू उघडा पडला. १९५४ ते १९६३ या दहा वर्षांत तिथे उपचार घेतलेल्या ४१४ रुग्णांच्या मृत्यूंची कारणं हर्श, बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडली. रक्तस्रावानं मरणं कमी झालं होतं. जंतुसंसर्ग आपली जागा सोडायला तयार नव्हता.

प्लेटलेट भरता येतात तर पांढऱ्या पेशी का नाही? फ्रायरिकनं तेही करून पाहिलं. निरोगी माणसाच्या बाटलीभर रक्तात त्या फार थोड्या मिळतात. पण ज्याला दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया आहे त्याच्या रक्तात त्यांचा पूर असतो. मग अशा रुग्णांकडून पेशी घेऊन त्या ताप आलेल्या मुलांना दिल्या गेल्या. एकाचा कर्करोग दुसऱ्याचं औषध! काहींचा ताप खरोखर उतरला. जॉर्ज जडसन नावाचा आयबीएमचा अभियंता, ज्याचा स्वतःचा मुलगा तिथे उपचार घेत होता, तो रक्त सतत फिरवून पेशी वेगळ्या काढणारं यंत्र बांधायला फ्रायरिकच्या जोडीला आला. आज रक्तपेढीत प्लेटलेट देताना माणूस ज्या घरघरणाऱ्या यंत्राशेजारी तास-दीड तास बसतो, त्याचा हा पूर्वज. पांढऱ्या पेशी भरण्याची पद्धत मात्र मागे पडली. त्या पेशी रक्तात काही तासच टिकतात.

या वॉर्डातून निघालेलं सर्वांत टिकाऊ काम कागदावरचं आहे. १९६६ साली एक निबंध छापला गेला: ल्युकेमियाचे ५२ रुग्ण, त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या वारंवार केलेल्या मोजण्या आणि त्यांना कधी कधी संसर्ग झाला याची तारीखवार नोंद. लेखक चार: बोडी, बकली, साठे, फ्रायरिक. तिसऱ्या नावावर मराठी वाचक क्षणभर थबकतोच. चौघांनी दाखवलं ते आज सरळसाधं वाटतं. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल हजाराच्या खाली गेले की धोका वाढू लागतो, पाचशेच्या खाली झपाट्यानं वाढतो आणि शंभराच्या खाली तर विचारूच नये. शिवाय आकडा किती खाली गेला याइतकंच महत्त्व तो किती दिवस खाली राहिला यालाही आहे. निरोगी मुलाच्या रक्तात हा आकडा साधारण दीड हजाराच्या वर असतो. तेव्हापासून पाचशे ही लक्ष्मणरेषा झाली. मुंबईच्या परळमधल्या कर्करोग रुग्णालयात आज जळगाव-लातूरकडची आईसुद्धा "काउंट पडलेत", "काउंट आले की सुट्टी" असं सहज बोलते, ते काउंट म्हणजे हेच.

रेषा कळली, तरी मुलं मरत होती. साठच्या दशकात या मृत्यूंमागे सर्वांत वाईट नाव होतं स्युडोमोनासचं. ओल्या जागी राहणारा हा जंतू: मोरीचा नळ, वाफेचं भांडं, फुलदाणीतलं शिळं पाणी. जखमेत शिरला तर पू निळसर-हिरवा होतो आणि त्याला द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. आणि पूच नसेल तर? मग तो सरळ रक्तात उतरतो. संध्याकाळी ताप भरलेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावे. रक्त प्रयोगशाळेत पाठवलं तर जंतू वाढून त्याचं नाव कळायला एक-दोन दिवस लागत, म्हणजे अहवाल बरोबर येई, पण कॉटवर पेशंट नसे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेलं सूत्र होतं, आधी निदान मग औषध. निदानाशिवाय प्रतिजैविक देणं म्हणजे अंधारात तीर मारणं. ज्येष्ठ डॉक्टर ते सोडायला तयार नव्हते आणि एरवी ते चुकीचंही नव्हतं.

१९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी तीर मारायचं ठरवलं, पण नेम धरून. न्यूट्रोफिल कमी आणि ताप, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की अहवालाची वाट न बघता कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन इंजेक्शनं चालू. दोन्ही औषधं तेव्हा नवी होती आणि दोन्ही स्युडोमोनासवर चालत. रक्त तपासणीला घ्यायचं, पण ते आधी, आणि सुई न काढता लगेच औषध. स्युडोमोनासचे बळी एकदम घटले. वैद्यकशास्त्रात पद्धती बदलायला सहसा पिढी जावी लागते. ही काही वर्षांत जगभर गेली. आज आपत्कालीन विभागात मूल आल्यापासून साठ मिनिटांच्या आत पहिला डोस गेला पाहिजे असं जे घड्याळ लावतात, त्याला किल्ली १९७१ साली दिली गेली.

सुरू कधी करायचं ते ठरलं. थांबवायचं कधी?

हा प्रश्न बेथेस्डाला फिलिप पिझो या बालरोगतज्ज्ञानं हातात घेतला. सात दिवस औषध दिलं, कारण सापडलं नाही, काउंट अजून खालीच आहेत, अशा रुग्णांचे त्यानं चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. १९७९ च्या त्याच्या निष्कर्षांत औषध थांबवलेल्या काहींचा ताप उलटला आणि संसर्ग डोकं वर काढून आला. ताप उतरला म्हणजे आतलं प्रकरण मिटलं असं नसतं. १९८२ साली त्यानं दुसरी गोष्ट दाखवली. प्रतिजैविक चालू असूनही आठवडाभर ताप हटत नसेल तर बुरशीवरचं औषध जोडावं. ते औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन. पिवळंधमक, बाटली लावली की मूल दात वाजेपर्यंत थडथडू लागे, पांघरुणावर पांघरुणं घालावी लागत, आणि मूत्रपिंडावर त्याचा भार वेगळाच. महाराष्ट्राला या औषधाचं नाव तोंडपाठ झालं ते २०२१ मध्ये, करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत, जेव्हा एकेका कुपीसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते. बालकर्करोगाच्या वॉर्डात ती कुपी तोवर चाळीस वर्षं ओळखीची होती. १९८६ साली पिझोनंच ५५० ताप-प्रसंगांचा हिशेब मांडून सांगितलं की तीन औषधांच्या जुन्या मिश्रणाऐवजी एकटं सेफ्टाझिडिमही बहुतेकांना पुरतं.

दुसरीकडे, जंतूंना मुलापर्यंत पोचूच द्यायचं नाही, असाही एक मोठा घाट घातला गेला. प्लास्टिकच्या तंबूतली खाट, भिंतीतून बाहेर आलेले रबरी हातमोजे, गाळलेल्या हवेचा एकाच दिशेनं वाहणारा झोत, शिजवून निर्जंतुक केलेलं बेचव जेवण, धुऊन-वाफवून आत दिलेलं खेळणं. आईनं पोराला जवळ घ्यायचं ते हातमोज्यातून. इतकं करून हाती फार लागलं नाही, कारण ताप आणणारे जंतू बहुतेकदा बाहेरून येतच नव्हते. ते मुलाच्या स्वतःच्या आतड्यात, तोंडात, कातडीवर मुक्कामालाच होते. हे तंबू गेले. गाळलेली हवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्यांत उरली. जेवणाचे कडक निर्बंध मात्र चिवट निघाले. कच्चं काहीही नको, फळ नको, सॅलड नको, असा आहार पाळणाऱ्या आणि फक्त स्वच्छतेचे साधे नियम पाळणाऱ्या मुलांची तुलना झाली तेव्हा संसर्गात फरक दिसला नाही. स्वच्छ धुऊन सोललेलं केळं-संत्रं चालतं. रस्त्यावरची पाणीपुरी नाही चालत, पण ते सांगायला संशोधन नको.

खरोखर उपयोगी पडलेला प्रतिबंध स्वस्त निघाला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या वॉल्टर ह्यूज यांनी १९७७ मध्ये दाखवलं की को-ट्रायमोक्साझोल नियमित दिलं तर न्यूमोसिस्टिस नावाचा जीवघेणा न्यूमोनिया टळतो. आपल्याकडच्या पालकांच्या तोंडी ती 'सेप्ट्रानची गोळी'. आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस घ्यायची. सुई टोचटोच करून मुलाच्या शिरा संपू नयेत म्हणून सिएटलहून आधी ब्रोव्हियाकची आणि १९७९ साली हिकमनची छातीतून बाहेर येणारी नळी आली. मुलांचे हाल वाचले, आणि त्याच नळीवाटे कातडीवरचे जंतू रक्तात उतरू लागले. १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं जी-सीएसएफ, म्हणजे आपल्या वॉर्डांतलं 'काउंट वाढवायचं इंजेक्शन', पडलेल्या काउंटचे दिवस कमी करतं खरं. मात्र ताप आल्यावर ते दिल्यानं जीव वाचण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलेलं नाही, त्यामुळे त्याचा सरसकट वापर होत नाही. पालकांचा विश्वास त्याच्यावर डॉक्टरांपेक्षा जास्त.

आता ताप म्हणजे नेमका किती? १८६८ साली लाइपझिगच्या वुंडरलिशनं हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून ३७ अंश सेल्सियस हा आकडा रूढ केला. त्याच्या जरा आधी इंग्लंडमध्ये ऑलबटनं सहा इंची थर्मामीटर केला नसता तर हा सगळा व्यवहार घरापर्यंत पोचलाच नसता. न्यूट्रोफिल कमी असलेल्यांसाठी व्याख्या पक्की केली ती १९९० च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी, ह्यूज यांच्याच पुढाकारानं. पुढे रूढ झालेला नियम असा: एकदाच ३८.३, किंवा तासभर टिकून राहिलेला ३८. आपल्या घरात अजून फॅरनहाइटच चालतो, म्हणून फाइलच्या पुठ्ठ्यावर परिचारिका लाल पेनानं लिहून देतात: १०१, किंवा तासभर १००.४. त्याखाली दोन ओळी. काखेत किंवा तोंडात मोजा. गुदद्वारातून नको, तिथली कातडी फाटली तर जंतूंना दार उघडं होतं. आणि फोन करायच्या आधी क्रोसिन देऊ नका. शुल्ट्झच्या काळातल्या तापाच्या गोळीनं पांढऱ्या पेशी घालवल्या होत्या. आजची गोळी त्यांना हात लावत नाही, पण उरलेली एकमेव खूण झाकून टाकते.

ऐंशीच्या दशकाअखेर एक नवीच अडचण उभी राहिली. नियम इतका पक्का झाला होता की ताप आलेलं प्रत्येक मूल भरती होई आणि काउंट येईपर्यंत आठ-दहा दिवस सलाईनला बांधलेलं राही. त्यातल्या पुष्कळांना धड संसर्ग नसेच. धोका कुणाला कमी आहे हे आधी ओळखता येईल का, यावर अनेक देशांत खल झाला. सर्वांत सुटसुटीत उत्तरांपैकी एक आलं ते चिलीतून, सँटियागोच्या मारिया एलेना सांतोलाया आणि तिथल्या सार्वजनिक रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांकडून, २००१ साली. रक्तातला दाहाचा निर्देशक सीआरपी ९० च्या वर आहे का? रक्तदाब उतरलाय का? ल्युकेमिया उलटलेला आहे का? प्लेटलेट पन्नास हजार किंवा कमी? शेवटच्या केमोला सात दिवस झालेले नाहीत? पाच प्रश्न, आणि उत्तरं कुठल्याही बऱ्या जिल्हा रुग्णालयात मिळतील अशी. २००४ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. कमी धोक्याच्या मुलांना पहिला दीड दिवस ठेवून निम्म्यांना घरी पाठवलं, निम्म्यांना ठेवलं. दोन्ही गटांत शंभरातली नव्वदहून अधिक मुलं सुखरूप बरी झाली आणि घरी गेलेल्यांचा खर्च कमी आला. २०१२ पासून मुलांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कमी धोक्याच्या मुलाचा ताप उतरला असेल, रक्तात जंतू वाढले नसतील, तर काउंट आले नसले तरी ७२ तासांनी औषध थांबवण्याचा विचार करावा, इथपर्यंत ती आली. १९७९ च्या पिझोला हे धाडस वाटलं असतं; पण धोका कुणाला कमी, हे सांगणारे प्रश्न तेव्हा त्याच्याजवळ नव्हते.

घरी पाठवायचं, हे बोलायला सोपं. घर कुठे आहे?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची कहाणी ल्युकेमियापासूनच सुरू होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली या आजारानं गेल्या; त्यांच्या नावानं दोराबजींनी दुसऱ्याच वर्षी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास केला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला रुग्णालय उघडलं. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिथे देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ज्यात नवी मज्जा रुजेपर्यंत काउंट जवळजवळ शून्यावर असतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या इयन मॅग्रथ यांच्यासह मुंबई, दिल्ली आणि चेन्नईत मुलांच्या ल्युकेमियासाठी 'एमसीपी-८४१' हा एकच उपचारक्रम सुरू झाला. औषधं जोरकस झाली, तसे काउंट पडलेले दिवसही वाढले. आणि हे दिवस मुलं वॉर्डात थोडे, बाहेर जास्त काढत.

'बाहेर' म्हणजे कित्येकदा रुग्णालयासमोरचा फुटपाथ. बुलढाण्याहून, बिहारहून आलेलं कुटुंब दोन वर्षांच्या उपचारांसाठी मुंबईत भाड्यानं राहू शकत नाही. गावी परत जावं, तर रात्री अकराला ताप भरल्यावर साठ मिनिटांत इंजेक्शन देणारं कोण? या तासाभराचं उत्तर मुंबईत डॉक्टरांइतकंच धर्मशाळांनी दिलंय. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आणि २००६ पासून फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी खोल्या देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या वारकऱ्याला, गोरगरिबाला टेकायला जागा असावी म्हणून. रुग्णालयाजवळची अशी एक खोली प्रतिजैविकाइतकीच मोलाची ठरेल हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नसेल. दादरच्या धर्मशाळेत अशा रात्रीची तयारी दिवसाच झालेली असते. पिशवीत फाइल, पाण्याची बाटली, चादर, सुटे पैसे. जुलैत वाटेतल्या हिंदमाताला पाणी तुंबलं की टॅक्सी येत नाही; तेव्हा बाप पोराला खांद्यावर घेतो आणि आई फाइल डोक्यावर धरून मागून चालते.

पावसाळ्यातल्या तापाचं आपल्याकडे आणखी एक लचांड आहे. बेथेस्डाच्या नियमांत मलेरिया नाही, डेंग्यू नाही. डेंग्यू तर स्वतःच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पाडतो, म्हणजे केमोमुळे पडल्या की डासामुळे, हे पहिल्या रात्री कोण सांगणार? रक्त जंतूंसाठी जातं तसंच मलेरियासाठीही जातं. आणि रेंगाळलेल्या तापामागे क्षयरोग नाही ना, ही शंका इथल्या डॉक्टरला कधीच पूर्ण सोडता येत नाही.

जंतूही वेगळे. पाश्चात्त्य रुग्णालयांत नळ्यांचा वापर वाढल्यावर कातडीवरच्या जंतूंचं प्रमाण वाढलं. भारतात ई-कोलाय, क्लेब्सिएला, स्युडोमोनास ही जुनी मंडळी पुढेच राहिली, आणि औषधांना दाद देईनाशी झाली. भारतात येऊन गेलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात सापडलेल्या विकराला २००९ मध्ये 'न्यू दिल्ली'चं नाव दिलं गेलं, तेव्हा नावावरून संसदेपर्यंत वाद गेला. वॉर्डातल्या डॉक्टरांना नावाशी देणंघेणं नव्हतं. मेरोपेनेम हे जालीम प्रतिजैविकही चालेनासं झालं ही त्यांची चिंता होती. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून अडगळीत टाकलेलं पन्नासच्या दशकातलं कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढावं लागलं. शिम्फचा नियम आजही तोच आहे, ताप आला की लगेच औषध. पण कुठलं, हे आता प्रत्येक रुग्णालयाला आपल्याच गेल्या वर्षभराच्या अहवालांच्या वहीत बघून ठरवावं लागतं. बाल्टिमोरचं उत्तर परळला चालत नाही, परळचं नागपूरला चालेलच असं नाही.

रोज सकाळी रक्त जातं. दहा-अकराला अहवाल येतो, आणि वॉर्डातल्या आया एकमेकींना नाव-गाव न विचारता आकडा विचारतात. साठ. शंभर. एकशे चाळीस. एका मुलाच्या छातीतल्या नळीच्या कडेला चार दिवस एक टणक, फिकट गाठ आहे. दाबली की मूल कळवळतं, पण वर काही दिसत नाही. मग एका सकाळी आकडा सहाशे ऐंशी येतो. त्याच दिवशी दुपारी गाठीभोवती लाली धरते, संध्याकाळपर्यंत ती गरम लागायला लागते, ठणकते, मूल रडून वॉर्ड डोक्यावर घेतं. आई घाबरून परिचारिकेला बोलावते. परिचारिका वाकून बघते, हातमोज्याच्या बोटानं कडेला हलकेच दाबते आणि मधोमध उमटलेलं पिवळं टोक आईला दाखवते. "पिकलं बघा," ती म्हणते, आणि डॉक्टरांना सांगायला लगबगीनं निघून जाते.